तांबेबाईंची वाजवी सोय

गेल्या महिन्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फोन आला. पर्सनल खात्यात नुकत्याच लागलेल्या बाई बोलत होत्या. "सर, तुमच्याकडे समान संधी धोरणाचा मसुदा तयार असेल ना? पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. कंपनीचं नाव बदलून वापरते."

मी अशाच खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी इकडे लोकांची समजूत आहे की शेडग्यांच्या कपाटात प्रत्येक गोष्टीचा मसुदा असतो. असतोही. मी पाठवून दिला. पाठवताना त्यातली एक ओळ नजरेखालून गेली. 'दिव्यांग कर्मचाऱ्यास कामाच्या ठिकाणी आवश्यक ती वाजवी सोय पुरवण्यात येईल.' त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. ही ओळ माझी. म्हणजे इंग्रजीतून मराठीत मी आणलेली, एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी हातातलं काम उरकायचं म्हणून. ती खरी मानणारं माणूस मला सबंध नोकरीत एकच भेटलं. सुलभा तांबे.

तांबेबाई आमच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्या नावाने तो आता उरलेलाही नाही. रसायनं बनत. प्लांटमधून निघालेल्या प्रत्येक मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा आणि त्यातली एक बाटली पुढची काही वर्षं जपून ठेवायची, उद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर पुरावा हवा म्हणून. त्या बाटल्यांची खोली बाईंच्या ताब्यात. केमिस्ट मंडळी पदवीधर, बाई दहावी पास. पण बाटल्यांची लेबलं जराशी तिरकी दिसली तरी त्या पदवीधरांना सोडत नसत. "सरळ लाव गो. आईच्या फोटोला हार असा वाकडा घालशील काय?" मुली हसत आणि लेबल काढून पुन्हा लावत.

बाई ठेंगण्या, चालणं भराभर, साडीवर पांढरा एप्रन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घर तुडीलला. कंपनीची बस त्यांच्या थांब्यावर आली की आत आधी त्यांचा आवाज चढायचा, मग त्या. मी पोलादपूरचा, एरवी मोटारसायकलने यायचो, पण पावसाळ्यात महाडपर्यंत येऊन तीच बस धरायचो. मी बसमध्ये शिरेपर्यंत सावित्री नदीला पाणी किती चढलंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, मुंबईहून कोण आलंय आणि कोण येतो म्हणून आलं नाही, हे सगळं मागच्या बाकापर्यंत पोचलेलं असायचं. नवरा मुंबईला टेम्पो चालवायचा, सणावाराला यायचा. घरात त्या, सासू आणि मुलगा. मुलगा पुढे लग्न करून गावीच राहिला.

मग बाईंना खोकला लागला. दोन महिने अंगावर काढला. टीबी निघाला, तोही साध्या गोळ्यांना न बधणारा. कित्येक महिने रोज इंजेक्शनं. त्यांची रजा संपली, बिनपगारी रजा सुरू झाली, तीही वाढत गेली. मी दर महिन्याला हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे तीच खूण करायचो. वर्षभराने त्या आल्या त्या डॉक्टरांचा कामावर जायला हरकत नसल्याचा दाखला घेऊन. अर्ध्या उरल्या होत्या. मी म्हटलं, "या तांबेबाई, बसा." त्या उभ्याच राहिल्या, माझ्या तोंडाकडे बघत. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी टेबलावरचं माझं पेन उचलून माझ्या हातात दिला आणि समोरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान टरकन फाडून पुढ्यात ठेवलं.

"लिवा," त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने, की बाहेर टाइम ऑफिसातले लोक वळून बघायला लागले. "इंजेक्शनांनी आजार गेला. जाताना कान घेऊन गेला."

तेव्हापासून हा त्यांचा शब्द झाला. लिवा. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्यामुळे तो एकाच पट्टीत, चढा यायचा, आणि साधी विनंतीसुद्धा हुकूम वाटायची. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तळहाताएवढे तुकडे करून, दाभणाने शिवून त्यांनी एक वही केली होती. ती एप्रनच्या खिशात असायची. जो बोलायला येईल त्याच्यापुढे धरायची. कोण किती लिहितो यावरून त्यांनी माणसांची एक यादीच मनात केली होती. "तुमचं अक्षर वाचता येतं, पण तुमी थोडं लिवता," हा माझ्याबद्दलचा त्यांचा शेरा होता. तो बरोबर होता.

कामावर तर आल्या, पण काम मिळेना. आमचे कारखाना व्यवस्थापक, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो, दुष्ट माणूस नव्हते. घाबरट होते. रसायनांचा कारखाना, कुठे वायू सुटला की सायरन वाजतो आणि सगळ्यांनी मोकळ्या मैदानात जमायचं असतं. बाईंना सायरन ऐकू येणार नाही. उद्या काही झालं तर कोणाची मान अडकणार? साहेबांनी मला सांगितलं, "तूर्त त्यांना बाहेर बसवा. टाइम ऑफिसजवळ. बघू."

ते 'तूर्त' पाच आठवडे चाललं. एक प्लास्टिकची खुर्ची, टाइम ऑफिस आणि कॅन्टीन यांच्या मधल्या व्हरांड्यात. बाई सकाळी कार्ड पंच करायच्या, खुर्चीवर बसायच्या, संध्याकाळी कार्ड पंच करून बस धरायच्या. पगार चालू. येणारेजाणारे सुरुवातीला थांबायचे, वहीत दोन शब्द लिहायचे. मग नुसते हात करायला लागले. मग तेही नाही. ज्या केमिस्ट मुलींना त्यांनी लेबलं चिकटवायला शिकवली, त्या दुसऱ्या दाराने कॅन्टीनला जायला लागल्या. मनाने वाईट नव्हत्या, पण काय लिहावं ते त्यांना सुचत नसे. मला समोरच्या खिडकीतून ती खुर्ची दिसायची. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला नाही, एवढंच माझ्याबाजूने सांगता येईल.

ऐकू येईनासं झाल्यावर बाई वाचायला लागल्या. पुड्याचे कागद, कॅन्टीनच्या भिंतीवरचा आठवड्याचा मेनू, अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना. आणि काचेच्या पेटीतला नोटीस बोर्ड. त्यात बाराही महिने तेच कागद असतात. किमान वेतन, सुट्ट्यांची यादी, कामाचे तास. कुणी वाचत नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटसाठी मी त्यात आणखी एक कागद चिकटवला होता. दिव्यांगांच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, मग ती सरकारी असो की खाजगी, समान संधी धोरण तयार करून दर्शनी भागी लावायचं असतं. दुसऱ्या एका कारखान्याचं होतं, ते मी नाव बदलून घेतलं. ऑडिटवाल्यांनी स्थानिक भाषेत हवं असं सांगितलं म्हणून मराठी केलं. शेवटी 'संपर्क अधिकारी' म्हणून एक नाव लागतं. कुणाचं घालावं हा प्रश्न होता. मी माझंच घातलं आणि जेवायला गेलो.

एका मंगळवारी बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"संपर्क अधिकारी म्हंजे तुमीच ना?"

मी मान हलवली. खरं तर मला क्षणभर कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलताहेत.

"ते काचेतलं तुमीच लिवलं?"

पुन्हा मान हलवली.

"मग वाजवी सोय म्हंजे काय ता लिवा."

आता आली का पंचाईत. मी वही घेतली. पाच मिनिटं पेन धरून बसलो. मूळ इंग्रजी शब्दाला मी 'वाजवी सोय' लिहून मोकळा झालो होतो, म्हणजे काय याचा विचार करायची वेळच आली नव्हती. शेवटी लिहिलं, 'काम करता यावं म्हणून जो बदल फार त्रास न होता करता येईल तो.' बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "माझं काम हातांचं आणि डोळ्यांचं हाय. बाटली बोलत नाय. मग मी खुर्चीवर का?"

त्यांनी वही परत घेतली. जाताना म्हणाल्या, "अर्ज आणते. तुमी घ्यायचा. तुमचं नाव हाय त्यात."

तोवर त्या अलिबागला जिल्हा रुग्णालयात जाऊन अपंगत्वाचा दाखला काढून आल्या होत्या. दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा तपासणीचं यंत्र बंद होतं. सकाळची गाडी धरून जायचं, पुकारलेलं नाव ऐकू येत नाही म्हणून दाराला नाक लावून उभं राहायचं, पुकारणाऱ्याच्या ओठांकडे बघत. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही. कानाच्या तपासणीसाठी येणाऱ्यांची नावं तोंडाने पुकारतात, याचं त्यांना हसू येत होतं.

अर्ज आला. मोठ्या साहेबांनी वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही हे कलम सरकारी आस्थापनांना आहे, तुम्ही खाजगी, तुम्हाला ते जसंच्या तसं लागू नाही. साहेबांचा चेहरा खुलला. मग वकिलाने विचारलं, "पण तुम्ही धोरणात काय लिहिलंय?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद पुढे केला. साहेबांनी फोनवर वाचून दाखवला. वकील म्हणाला, लिहून दिलंय म्हणजे आता पाळावं लागेल.

"याची प्रत कुठे पाठवलीय?" साहेबांनी फोन ठेवल्यावर विचारलं.

"पुण्याला दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात. रजिस्टर पोस्टाने."

"कुणी पाठवली?"

"मीच. तुमच्या सहीने."

त्याच दुपारी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब, सेफ्टी ऑफिसर, मी आणि बाई. साहेबांनी बोलायला सुरुवात केली. बोलताना त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. तुमची तब्येत, तुमचं वय, तुमच्या जिवाची आम्हाला काळजी, घरी आराम करा, कंपनी तुमचं सगळं नीट करून देईल, राजीनामा दिलात तर सन्मानाने निरोप देऊ. दहा मिनिटं बोलले. बाई त्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होत्या. साहेब थांबल्यावर त्यांनी खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं, टेबलावर सरकवली.

"लिवा, साहेब."

साहेबांनी पेन घेतलं. 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' असं लिहिलं आणि थांबले. पुढे 'तुम्ही राजीनामा' लिहायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सेफ्टी ऑफिसरकडे बघितलं. ते पान फाडून चुरगळून खिशात घातलं. दुसऱ्या पानावर 'कंपनीला वाटतं की' एवढं लिहून तेही फाडलं.  

"बोललेलं मला ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या, "आणि तुमाला लक्षात रहात नाय. म्हनून लिवा म्हनते."

तिसऱ्या पानावर साहेबांनी लिहिलं, 'तुम्हाला नक्की काय हवं आहे?'

बाईंनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. त्यावर पाच गोष्टी होत्या. सायरनच्या जोडीला उघडझाप करणारा लाल दिवा, नमुन्यांच्या खोलीत एक आणि बायकांच्या संडासात एक. "तितं पन," त्या सेफ्टी ऑफिसरला म्हणाल्या, "मी माणूस हाय." दुसरं, माझं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे ते दाराकडे फिरवा, मागून कुणी आलं की मी दचकते. तिसरं, रोजचं काम फळ्यावर लिहा. चौथं, पळायची वेळ आली तर मला हाताला धरून न्यायला शेजारच्या खोलीतलं एक माणूस नेमून द्या. पाचव्या ओळीत नुसतं लिहिलं होतं, 'माझं काम.'

सेफ्टी ऑफिसर कागद वाचून म्हणाला, "सर, हे तर आपला इलेक्ट्रिशियन एका दिवसात करेल." तो सहज म्हणून गेला. पण पाच आठवडे ती बाई खुर्चीवर का बसून होती, हे त्या वाक्यानंतर कुणालाच सांगता आलं नसतं.

दिवे लागले. टेबल फिरलं. बाई नमुन्यांच्या खोलीत गेल्या त्या दिवशी त्यांनी काय केलं म्हणाल, तर वर्षभरात तिरकी लागलेली सगळी लेबलं काढली. मुली रांगेने येऊन माफी मागितल्यासारख्या वहीत काहीबाही लिहून गेल्या. बाईंनी प्रत्येकीचं वाचलं आणि वही मिटून, "नीट लाव गो," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात सरावाचा सायरन झाला. दर तिमाहीला होतो. वाजतो, आणि जो तो म्हणतो, सराव आहे, हातातलं संपवू आणि निघू. त्या दिवशी सेफ्टी ऑफिसर घड्याळ लावून मैदानात उभा होता. सायरन वाजला, दिवा पेटला, आणि अख्ख्या कारखान्यातून पहिलं माणूस मैदानात पोचलं ते तांबेबाई. मागून कुणी येईना. बाई एकट्या, एप्रन घातलेल्या, भर उन्हात पिवळ्या रेघेवर. त्यांना धरून आणायचं जिचं काम होतं ती केमिस्ट नंतर धावत आली. शेवटची माणसं चहा संपवून आली. सेफ्टी ऑफिसरने अहवालात त्यांची वेळ लिहिली आणि मला दाखवली. "शेडगे, ज्यांना ऐकू येतं त्यांचं काय करायचं?" बाईंना हे सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. "दिवा पेटला म्हंजे जायचं," त्या म्हणाल्या. "नायतर मागितला कशाला?"

एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण ती टाळली तर बाई अर्ध्याच राहतील. त्यांचा नवरा मुंबईहून फोन करायचा, आता ते बंद झालं. त्याला मेसेज लिहायची सवय नाही. तो बोलून पाठवायचा, आवाजाचा मेसेज. हिला ऐकू येत नाही हे माहीत असून. सवयीने म्हणा, किंवा त्याला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून म्हणा. घरी सासू, मुलगा, सून, पण त्यांच्याकडून लिहून घ्यायची बाईंना लाज वाटे. त्या जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन माझ्याकडे यायच्या. "लिवा, भाऊ."

पहिल्यांदा मी तीन मिनिटांचा मेसेज ऐकला आणि लिहिलं, 'बरा आहे. गणपतीला येतो. औषध वेळेवर घे.' बाईंनी फोनवरचा आकडा माझ्यापुढे धरला.

"तीन मिनटं बोललाय. एवढंच?"

"बाकी असंच," मी ओठ मोठे हलवून म्हटलं.

"असंच पन लिवा. तीन मिनटाचं लिवा."

मग मी लिहिलं. टेम्पोचा पट्टा तुटला. शेजारच्या खोलीतला माणूस गावी गेला, त्याने भांडी याच्याकडे ठेवलीत. काल डाळ करपली. मध्ये थोडा वेळ काही बोलत नाहीये, नुसता रस्त्याचा आवाज आहे. तू बोलत होतीस तेव्हा बरं होतं. मी ते शेवटचं वाक्य लिहिताना थांबलो. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बोटाने कागदावर टकटक केलं. मी लिहिलं. त्यांनी वाचलं, पान वहीतून काढून घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि डबा उघडला. त्यानंतर मी कधी थोडक्यात लिहिलं नाही.

अशी गोष्ट इथे संपली असती तर मी तिला यशाची गोष्ट म्हटलं असतं. पण सोय एकदा करून भागत नाही. नोकरीत मी हे उशिरा शिकलो. मोठे साहेब बदलून गेले, नवे आले. त्यांना कागद नव्याने दाखवायचा. प्रयोगशाळेचा प्रमुख बदलला. त्याला फळ्यावर लिहायचा कंटाळा, तो दारातून ओरडायचा आणि बाई ऐकत नाहीत म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा. दिवा उडाला तर नवा बसायला तीन आठवडे, कारण तो सुट्या भागांच्या यादीत नव्हता. संडासातला दिवा रंगकामाच्या वेळी काढला तो पुन्हा लागला तेव्हा बाईंचे चार अर्ज झाले होते. दर वेळी बाई यायच्या, 'संपर्क अधिकारी,' म्हणायच्या. सुरुवातीला त्यात थोडी गंमत असायची. मग ती गेली.

कोरोनात सगळ्यांनी तोंडं झाकली. तोवर बाई ओठ बघून निम्मं तरी ओळखायला शिकल्या होत्या. तेही गेलं. सामायिक वही हातात घ्यायला लोक घाबरायला लागले. बाई मला म्हणाल्या, "आता मी खरी बहिरी झाले." त्यांनी अर्ज केला. पुढे पारदर्शक खिडकी असलेले मास्क मिळतात म्हणे, प्रयोगशाळेतल्या सहा माणसांना द्या. फार मोठी गोष्ट नव्हती. नव्या साहेबांनी अर्जावर काही शेरा मारला नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. सगळीकडे माणसं मरत होती, ऑक्सिजन मिळत नव्हता, त्यात हे काय घेऊन जायचं असं मला वाटलं. मी बाईंना उत्तर लिहिलं, 'विचाराधीन.'

त्यांनी ते बराच वेळ वाचलं.

"विचाराधीन म्हंजे नाय ना?"

मी खांदे उडवल्यासारखं केलं.

"मग नाय असं लिवा की."

मी लिहिलं नाही. संपर्क अधिकारी म्हणून माझ्या हातून जे जे राहिलं त्यात हे सगळ्यात वर आहे. 'नाही' म्हणायचा मला अधिकार नव्हता आणि 'हो' म्हणायची धमक नव्हती. बाई त्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या. पुढचं दीड वर्ष त्या जवळजवळ कुणाशी बोलल्या नाहीत. बसमध्येही नाही. तुडीलच्या थांब्यावर बस थांबायची, एक बाई चढायची, बसायची. ड्रायव्हर एकदा मला म्हणाला, "तांबेबाई गाडीत हायत का नाय, आरशात बघून मोजायला लागतंय आता."

त्यानंतर दोन वर्षांनी कंपनीने प्रयोगशाळाच बंद केली. नमुने तपासायचं काम बाहेर दिलं. अकरा जणांची यादी निघाली, केमिस्टसकट. पत्रं द्यायचं काम माझ्याकडे. बाई आल्या, पत्र घेतलं, वाचलं.

"यादी बगू."

यादी दाखवायची नसते. मी दाखवली. त्यांनी बोट ठेवून अकराही नावं वाचली.

"सगळीच हायत."

मी मान हलवली.

"म्हंजे या टायमाला कानापायी नाय."

नाही, मी लिहिलं. प्रयोगशाळा बंद झाली म्हणून.

"मग बरा," त्या म्हणाल्या. आणि खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत मी 'बसा' म्हटल्याशिवाय त्या प्रथमच बसल्या. "दमले ओ भाऊ. बहिरेपनाचा नाय एवढा. सांगायचा त्रास हाय. नवीन मानूस आलं की पयल्यापासून सांगा. मी अशी अशी, मला असं असं लागतंय. तुमी कायदा वाचलाय, मी वाचलाय, पन रोज कोन वाचनार?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता, बाहेर सगळ्यांना ऐकू जात होता. बाहेर कुणी हसलं नाही. मी पेन हातात घेतलं. त्यांनी वही पुढे केली नाही. थोड्या वेळाने उठल्या, नमुन्यांच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

त्यानंतर वर्षभरात मीही निवृत्त झालो.

यंदा मार्चमध्ये काही कामासाठी महाडला गेलो होतो. तारीख लक्षात नव्हती, पण गाडी गावात शिरेना तेव्हा लक्षात आली, वीस मार्च, सत्याग्रहाचा दिवस. चवदार तळ्याकडे जाणारे सगळे रस्ते माणसांनी भरलेले. मी गाडी लांब लावून चालत निघालो. चारी बाजूंनी कर्णे लावलेले, एकीकडे भाषण, दुसरीकडे गाणी, तिसरीकडे हरवलेल्या माणसांची नावं. डोकं उठलं होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर तांबेबाई बसलेल्या दिसल्या. पांढरी साडी, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. शेजारी सून, मांडीवर जेवणाची पिशवी. सकाळपासून चालून आलेल्या असणार. बाईंचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि त्या गाढ झोपल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर एक कर्णा होता. त्याच्या आवाजाने दुकानाचं पत्र्याचं शटर थरथरत होतं.

सुनेने मला ओळखलं. "उठवू काय? लय आठवन काढतात तुमची."

मी नको म्हणून हात केला. ऊन सरकत बाईंच्या तोंडावर यायला लागलं होतं. सून उठली आणि पदर दोन्ही हातांनी पसरून त्यांच्यापुढे उभी राहिली. सावली तोंडावर आल्यावर बाईंनी झोपेतच पाय लांब केले. मी गर्दीत वाट काढत पुढे निघालो.